अमानत

कोचीतल्या मट्टांचेरी भागात जुन्या राजवाड्याच्या मागे एक अरुंद गल्ली आहे. तिचे नावच ज्यू टाऊन. दोन्ही बाजूंना उतरत्या कौलांची घरे, खाली दुकाने, आणि गल्लीच्या टोकाला घड्याळाचा मनोरा असलेले परदेसी सिनेगॉग. एके काळी या गल्लीत मिरी आणि सुंठेची गोदामे होती. तो वास अजूनही पुरता गेलेला नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा या गल्लीत पर्यटकांना पोस्टकार्डे विकत फिरत असे. शाळा सुटलेली, घरची ओढाताण, हातात कोचीच्या चित्रांची गड्डी. त्याचे नाव ताहा इब्राहिम.

नावाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ‘ताहा’ हे कुरआन शरीफच्या विसाव्या सूरहचे नाव आहे, आणि त्या सूरहचा मोठा भाग हजरत मूसांच्या हकिकतीचा आहे. मूसा म्हणजे ज्यूंचे मोशे. हे नाव घेऊन एक मुसलमान पोर ज्यूंच्या गल्लीत रोज फिरत होते आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हते. त्याला तर बहुधा नाहीच. त्याला कार्डे खपवायची होती.

दिवस संपला की उरलेली कार्डे ठेवायची कुठे, हा त्याचा रोजचा प्रश्न. ज्या गोदामात तो माल ठेवी ते एक दिवस बंद निघाले. गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ, जेकब कोहेन, ही धावपळ पाहत होते. त्यांनी सांगितले, आमच्या घरात ठेव. मुलाने ठेवली. झाले ते एवढेच, आणि त्यातून पुढे जे घडत गेले ते जवळपास चाळीस वर्षे चालले.

जेकब यांच्या पत्नी सारा यांना हा पाहुणा मुळीच पसंत नव्हता. ताहा यांनीच पुढे मुलाखतींतून हे मोकळेपणाने सांगितले आहे. बरीच वर्षे त्या त्याच्याशी धड बोलत नसत. ते स्वाभाविकही होते. पती-पत्नी दोघेच, मूलबाळ नाही, नातेवाईक एकेक करून देश सोडून गेलेले, आणि घरात रोज येणारा-जाणारा हा परका पोर, तोही मुसलमान. संशय हा शब्द मोठा वाटत असेल तर अंतर म्हणा. मुलगाही आपली पायरी ओळखून होता. क्रिकेटचा सामना असला की तो खिडकीबाहेर उभा राहून कोहेनांच्या घरातला टीव्ही पाही. एके दिवशी सारा आँटींनीच त्याला आत येऊन बसायला सांगितले.

खिडकीपासून आतल्या खुर्चीपर्यंतचे ते अंतर किती होते, हे समजायला त्या गल्लीचा इतिहास थोडा चाळावा लागतो. तो सगळाच गोड नाही.

केरळच्या किनाऱ्यावर ज्यू फार जुन्या काळापासून राहत आले. त्यांचे मोठे ठाणे कोडुंगल्लूर. सोळाव्या शतकात मिरीच्या व्यापारावरून पोर्तुगीज, अरब, स्थानिक मुसलमान, राजे असे सगळेच एकमेकांच्या अंगावर आलेले असताना १५२४ मध्ये त्या वस्तीवर हल्ला झाला. घरे आणि प्रार्थनास्थळे जाळली गेली. हल्ला करणारे मुसलमान होते. हे कुणा विरोधकाने रचलेले कथन नव्हे. मलबारचेच मुस्लिम विद्वान शेख झैनुद्दीन मखदूम यांनी ‘तुहफतुल मुजाहिदीन’ या आपल्या अरबी ग्रंथात या संघर्षाची नोंद करून ठेवली आहे. रमजानच्या पानावर असा मजकूर का, असे कुणी विचारील. पण ज्या मोहल्ल्यात दोस्ती झाली तिथे आधी काय झाले होते हे झाकून ठेवले तर दोस्तीची किंमत कळत नाही.

तिथून पांगलेल्या ज्यूंना कोचीच्या हिंदू राजाने आश्रय दिला, तोही आपल्या राजवाड्याला लागून. १५६८ मध्ये तिथे परदेसी सिनेगॉग उभे राहिले. स्पेन-पोर्तुगालमधून हाकलले गेलेले ज्यूही याच गल्लीत येऊन मिळाले. याच सुमारास गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले होते आणि तिथून निघालेली कोकणी बोलणारी कुटुंबेही कोचीत येऊन वसली. आजही मट्टांचेरीत त्यांची वस्ती आहे, देवस्थान आहे, कोकणी बोली आहे. १६६२ मध्ये पोर्तुगीजांनी सिनेगॉगची नासधूस केली. पुढे डच आले आणि ते पुन्हा सावरले. म्हणजे मट्टांचेरीत ज्यांची घरे आहेत त्यातल्या अनेकांचे आजे-पणजे कुठून ना कुठून जीव वाचवून आलेले होते.

ज्यांनी स्वतः छळ सोसला ते दुसऱ्याला सामावून घेतातच असेही नाही. परदेसी सिनेगॉगमध्ये सगळे ज्यू सारखे नव्हते. मुक्त केलेल्या गुलामांचे वंशज म्हणून ज्यांच्यावर शिक्का बसला होता, त्यांना मुख्य दालनात इतरांच्या बरोबरीने बसण्याचा हक्क नव्हता. याच गटातले अब्राहम बराक सालेम शिकून वकील झाले, राष्ट्रीय चळवळीत पडले आणि आपल्याच सिनेगॉगमध्ये त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. कोचीत त्यांना ‘ज्यू गांधी’ म्हणत. वर्षानुवर्षे चिकाटी धरल्यावर त्या भिंतीला तडे गेले. नागपूरच्या वाचकाला यात परके काही वाटायचे नाही. देवाच्या दारात माणसाला पायरीवर थांबवण्याची विद्या कोणत्या एका धर्माची मक्तेदारी नाही, आणि आपल्याकडे मशिदीच्या सफीत खांद्याला खांदा लावून उभे राहणारेही सोयरीक जमवताना बिरादरी विचारतातच.

कोचीत रब्बी म्हणजे धर्मपीठातून शिकून आलेला आचार्य बहुधा नव्हताच. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींमध्येही नव्हता. घरातली वडीलधारी माणसे, प्रार्थना म्हणवून घेणारा हज्जान, आणि जुनी सवय यावर धर्म चालत आला. ‘रब्बी’ या शब्दाचा उगम ‘रव’ या हिब्रू शब्दात आहे, अर्थ मोठा, धनी, गुरू. आपण दिवसातून पाच वेळा ज्याला ‘रब्ब’ म्हणून हाक मारतो तो अरबी शब्द याच घराण्यातला. ‘शालोम’ आणि ‘सलाम’ सर्वांना ठाऊक आहेत. पण ‘त्सेदाका’ आणि ‘सदका’, रोजासाठी ‘त्सोम’ आणि ‘सौम’, घरासाठी ‘बायित’ आणि ‘बैत’ या जोड्या शेजारी शेजारी मांडल्या की कुणाही उर्दू जाणणाऱ्याला ही दोन आतेमामे भावंडे वाटतील. आपल्याकडे मोहर्रमच्या दहाव्या तारखेचा रोजा आहे. मदिनेत आल्यावर पैगंबर साहेबांनी तिथल्या ज्यूंना त्या दिवशी उपास करताना पाहिले, मूसांच्या सुटकेचा दिवस म्हणून, आणि स्वतःही तो धरला, असे हदीसमध्ये आहे. रमजानचे रोजे फर्ज झाले ते त्यानंतर.

मराठी मुलखाला तर हा शेजार नवा नाहीच. रायगडच्या गावांतून तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ म्हणजेच बेने इस्रायली. त्यांची घरची भाषा मराठी. प्रार्थनास्थळाला ते ‘मशीद’ म्हणत, धर्मकार्य करणाऱ्याला ‘काजी’. शेजारच्या मुसलमानांचेच शब्द त्यांनी उचलले आणि वापरले. परंपरा अशी सांगते की विसरत चाललेला धर्म त्यांना पुन्हा शिकवला तो कोचीहून आलेल्या डेव्हिड राहाबी यांनी. म्हणजे ज्यू टाऊनच्या त्या गल्लीतून एक वाट थेट अलिबाग-पेणच्या अंगणापर्यंत आलेली आहे.

मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. ते कंपनी सरकारच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. बेने इस्रायलींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिकत अशी, की कैद्याने आपली जात ‘बेने इस्रायल’ सांगितली तेव्हा टिपूच्या आईने, कुरआनात ज्यांचा उल्लेख आहे त्यातला हा माणूस दिसतो, म्हणून त्याचा जीव वाचवला. इतिहासाच्या कसोटीवर ही हकिकत कितपत उतरेल ते अभ्यासकांनी पाहावे. पण एका ज्यू समाजाने आपल्या पहिल्या ‘मशिदी’ची गोष्ट सांगताना तिची सुरुवात एका मुसलमान बाईच्या दयेपासून करावी, ही गोष्ट कागदपत्रांइतकीच बोलकी आहे. त्या सिनेगॉगचे नाव ‘शाआर हारहामीम’, म्हणजे रहमतचा दरवाजा. उर्दू वाचकाला याचा अनुवाद करून द्यायला नको. मशीद बंदर या नावाचा संबंधही अनेक जण याच ‘जुन्या मशिदी’शी जोडतात. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी १८७५ मध्ये बेने इस्रायली मुलांसाठी काढलेली शाळा आज माझगावात सर एली कदूरी यांच्या नावाने चालते, आणि तिथले बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत.

तर कोचीची ती खिडकी आणि खुर्ची.

मुलगा आत आला तरी त्याच्यावर कुणी एकदम विश्वास टाकला नाही. तो निरोप पोहोचवी, सामान आणून देई, किरकोळ कामे करी. सारा आँटी कशिदाकाम करत. सिनेगॉगसाठी लागणारे पडदे, उशांचे अभ्रे, डोक्यावर घालायच्या गोल टोप्या, शब्बाथच्या पावावर झाकायचे भरतकाम केलेले रुमाल. एकदा काम अडले आणि हाताशी कुणी नव्हते. ताहाला सुई-दोऱ्याची जाण होती. त्याने मदत केली आणि ती चांगली केली. बाईंच्या लक्षात आले की या पोराचा हात बसलेला आहे. कारागीर माणूस दुसऱ्याचा हात ओळखतो, मग तो कुणाच्या घरात जन्मला ते जरा मागे पडते. मोमिनपुऱ्यातल्या मोमिनांना आणि नागपूरच्या कोष्ट्यांना हे वेगळे सांगायला नको. मागाच्या खड्ड्यात बसणाऱ्या दोन्ही जमातींनी एकमेकांची वीण पारखूनच एकमेकांना मान दिला आहे.

पुढे ताहा सारा आँटींच्या शेजारी बसून हिब्रू अक्षरे कापडावर उतरवू लागला. कोणत्या सणाला कोणता रुमाल, शुक्रवारच्या संध्याकाळी घरात काय मांडायचे, वल्हांडणाच्या सणात कोणता पाव चालत नाही, हे त्याला न शिकवता कळत गेले. आपल्याकडे झबीहा, त्यांच्याकडे कोशेर. डुक्कर दोघांनाही वर्ज्य. स्वयंपाकघरात भांडण व्हायला फारशी जागाच नव्हती.

ताहा धर्माने बदलला नाही, सारा आँटीही बदलल्या नाहीत. कुणी कुणाला तसे सुचवलेही नसावे. सलोख्याच्या गोष्टी सांगताना आपल्याला घाई होते आणि आपण सगळ्यांना एकाच रंगात बुडवून काढतो. या घरात तसे झाले नाही. दोन पक्की धार्मिक माणसे एकाच टेबलावर शिवत बसत, एवढेच.

दरम्यान गल्ली रिकामी होत होती. इस्रायल स्थापन झाल्यावर १९५० च्या दशकापासून कोचीचे ज्यू निघाले. कुणी छळले म्हणून नव्हे. पवित्र भूमीची ओढ, मुलांची लग्ने, पुढचे आयुष्य अशी त्यांची कारणे होती. हजारोंचा समाज उतरत उतरत मोजक्या घरांवर आला. सामूहिक प्रार्थनेसाठी त्यांच्यात किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. तेवढेही जमेनात. बाहेरगावचे ज्यू प्रवासी आले तर त्यांना बोलावून गणती पुरी करायची, असे दिवस आले. ओस पडलेल्या घरांत काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांनी गालिचे आणि जुन्या वस्तूंची दुकाने थाटली. पाट्यांवर डेव्हिडची चांदणी तशीच राहिली.

१९९९ मध्ये जेकब कोहेन गेले. जाण्यापूर्वी त्यांना एकच काळजी होती. आपल्यामागे साराकडे कोण पाहणार? त्यांनी ती जबाबदारी ताहावर सोपवली. ताहा यांनी सांगितले आहे की मरणाऱ्या माणसाची शेवटची इच्छा पुरी करणे हे आपल्या धर्मात महत्त्वाचे, म्हणून आपण शब्द दिला. अट एकच, आँटींना ते मान्य असेल तर.

इथे ‘अमानत’ हा शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. मराठीत आपण अनामत म्हणतो आणि भाडेकराराच्या कागदावर सोडून देतो. अमानत म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने आपल्या हवाली केलेली वस्तू. ती वापरायची नाही, जपायची आणि मागितल्यावर परत द्यायची. मक्केचे लोक पैगंबर साहेबांना नबुवतीच्या आधीपासून ‘अल-अमीन’ म्हणत, कारण ठेवी त्यांच्याकडे सुरक्षित राहत. हिजरतच्या रात्री, ज्या शहरातले लोक त्यांच्या जिवावर उठले होते त्याच शहरातल्या लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या. त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी हजरत अलींना मागे ठेवले गेले. शत्रूची ठेवही ठेवच. रमजानच्या बयानात हा प्रसंग दरवर्षी ऐकू येतो. ज्यू टाऊनमध्ये सुरुवातीला ठेव होती ती एका गरीब मुसलमान पोराची, पोस्टकार्डांची गड्डी, आणि ती एका ज्यू घराने सांभाळली. नंतर पारडे फिरले.

ताहाने शब्द पाळला. राहत्या घराच्या पुढच्या भागात ‘सारा’ज हँड एम्ब्रॉयडरी’ हे दुकान उभे राहिले. आँटी खिडकीशी बसत, प्रवासी डोकावत, हिशेब आणि शिलाई ताहा पाही. वय वाढत गेले तसे औषधपाणी, दवाखाना, आल्या-गेल्याचे पाहणे हेही त्याच्याकडे आले. म्हाताऱ्या माणसाची सेवा म्हणजे काय, हे ज्यांनी घरात केले आहे त्यांनाच ठाऊक. त्यात भाषण करण्यासारखे काही नसते. रोजचा वेळ जातो, झोप मोडते, कधी बोलणीही खावी लागतात.

याच उंबऱ्याशी आणखी एक तरुण आला, तौफीक झकरिया. कोचीचाच मुसलमान, मदरशात अरबी अक्षरे गिरवताना सुलेखनाचा नाद लागलेला. अरबी लिहिता लिहिता तो हिब्रूकडे वळला आणि स्वतःच ती लिपी शिकला. दोन्ही लिप्या उजवीकडून डावीकडे धावतात, हाताला वळण तेच. व्यवसायाने आचारी असलेला हा तरुण पुढे हिब्रू सुलेखनासाठी आणि मलबारी ज्यूंच्या जुन्या खुणांच्या शोधासाठी ओळखला जाऊ लागला. सारा आँटींच्या घरी त्याची ऊठबस होती. २०१३ मध्ये ताहा आणि तौफीक या दोघांनी मिळून कोचीच्या ज्यूंच्या इतिहासावर प्रदर्शन मांडले. ज्यांचा तो इतिहास, त्यातले सांगायला गल्लीत मोजकेच उरले होते.

हे सगळे जगापासून तुटलेल्या बेटावर घडत होते असे मात्र समजू नये. पॅलेस्टाइनच्या प्रत्येक बातमीबरोबर मुस्लिम मोहल्ल्यांत संताप उसळत होता, आजही उसळतो, आणि गाझातल्या मुलांची छायाचित्रे पाहून तो उसळू नये असे कोण म्हणेल? पण त्या संतापात एक सवय लपलेली असते. सरकार, फौज, धर्म आणि शेजारची म्हातारी, सगळ्यांना एकाच नावाने हाक मारण्याची सवय. तीच सवय उलट बाजूने आपल्यालाही छळते. कुठे स्फोट झाला की नागपुरातल्या मुसलमान पोराला भाड्याने खोली मिळेनाशी होते. ज्याला हे सोसावे लागते त्याने निदान दुसऱ्याला ते करू नये, एवढी अपेक्षा फार नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत ती परीक्षा आली. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिवका यांच्यासह सहा जणांना अतिरेक्यांनी मारले. त्यांचा मुलगा मोशे तेव्हा दोन वर्षांचाही पुरता नव्हता. त्याची भारतीय आया सँड्रा सॅम्युअल रात्रभर एका खोलीत दडून बसली होती. तिच्यासोबत त्याच घरात काम करणारा झाकीर हुसेन हा तरुण होता. सकाळी मोशेच्या रडण्याचा आवाज आला तेव्हा सँड्रा वर गेली, आईबापांच्या शेजारी बसलेल्या पोराला उचलले आणि बाहेर धावली. रब्बीच्या घरात झाकीर नावाचा मुलगा काम करत होता, ही गोष्ट त्या दिवसांच्या बातम्यांत एखाद्या ओळीपुरती आली आणि विरून गेली. ती इतकी साधी होती की तिची बातमी कशी होणार?

त्यानंतर मुंबईच्या मुसलमानांनी जे केले त्याची मात्र बातमी झाली. मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना कबरस्तानात जागा द्यायला मुस्लिम जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. निरपराधांना मारणारे आमचे नव्हेत, ही त्यामागची भूमिका. दफन नाकारणे ही मुसलमानाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही, अनोळखी मय्यतचेही दफन करणे हे साऱ्या वस्तीचे कर्तव्य मानले जाते. तरीही निर्णय टिकला. मृतदेह वर्षभराहून अधिक काळ शवागारात राहिले. अखेर सरकारनेच त्यांची गुपचूप विल्हेवाट लावली आणि २०१० मध्ये ते जाहीर केले. त्या वर्षीच्या बकरी ईदला अनेकांनी दंडाला काळ्या फिती बांधून नमाज पढली होती. मोशे आजी-आजोबांबरोबर इस्रायलला गेला, सँड्राही त्याच्याबरोबर गेली. जानेवारी २०१८ मध्ये तो आपल्या आईबापांचे घर पाहायला मुंबईत आला तेव्हा अकरा वर्षांचा होता.

आणि आपले शहर? १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी महाल आणि हंसापुरीत दगड उडाले, गाड्या जळाल्या, अनेक पोलिस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. रमजानचाच महिना होता तो. जखमींपैकी एक जण पुढे दगावला. त्या आठवड्यात नागपूरच्या कितीतरी घरांत इफ्तारच्या खजुरांपेक्षा शेजाऱ्याच्या फोनची वाट जास्त पाहिली गेली असेल. दगड नेमका कुणी आधी उचलला यावर न्यायालयात काय व्हायचे ते होईल. पण इतवारीच्या व्यापाऱ्याने मोमिनपुऱ्याच्या कारागिराकडे ठेवलेला माल, कारागिराने व्यापाऱ्याकडे ठेवलेली उधारी, शाळेत जाताना शेजारणीकडे ठेवलेली घराची किल्ली, या ठेवी त्या संध्याकाळीही ज्याच्या त्याच्या घरात होत्याच. जाळपोळीच्या नोंदीत त्यांचा पंचनामा होत नाही.

सारा कोहेन ३० ऑगस्ट २०१९ रोजी गेल्या. वय ९६. दिवस शुक्रवारचा, जुम्म्याचा. दुसरा दिवस शब्बाथचा, त्या दिवशी ज्यू दफन करत नाहीत, म्हणून मट्टांचेरीच्या ज्यू कबरस्तानात त्यांचे दफन रविवारी झाले. एकदा पैगंबर साहेबांसमोरून एक जनाजा गेला आणि ते उभे राहिले. कुणीतरी सांगितले, हा तर ज्यूचा जनाजा. त्यावर त्यांनी उलट विचारले की तोही एक जीवच नव्हता का. बुखारी शरीफमधली ही हदीस मदरशात लहान मुलांनाही सांगतात. सारा आँटींच्या अंत्यविधीला स्वतःचा म्हणावा असा मुलगा नव्हता. पोस्टकार्डे विकणारा तो मुलगा तेव्हा पन्नाशीच्या घरात आला होता.

दुकान बंद झाले नाही. पाटीवरचे नावही बदलले नाही. ताहा इब्राहिम यांनी आँटींचे घर, त्यांचे कशिद्याचे नमुने, छायाचित्रे, वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला सुरुवात केली. प्रवासी विचारतात, तुम्ही ज्यू का? ते नाही म्हणतात, आपले नाव सांगतात, आणि हिब्रू अक्षरे भरलेला पावाचा रुमाल त्यांच्यासमोर उलगडून ठेवतात.